दारावरची पूररेषा

प्रति,
मा. विशेष अधिकारी साहेब,
पूरखूण पडताळणी व गावठाण पथक क्र. ३,
कॅम्प – भंडारा.

अर्जदार : शेवंताबाई नंदलाल धकाते, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा हातमागावर पाटले (सुती लुगडी) विणणे, राहणार मौजा सूरघाटा, जिल्हा भंडारा.

विषय : घर क्र. ७ पूररेषेखाली असल्याने ते ७ जूनपूर्वी रिकामे करण्याच्या नोटिशीबाबत, आणि अर्जदारांचे दार त्यांना परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. १२ मे १९८४, घराच्या दारावर डकवलेली.
२) पथकाची लेखी ताकीद, दि. २ सप्टेंबर १९८१.
३) अर्जदारांनी दि. १५ मे रोजी कॅम्पवर येऊन सांगितलेली हकीकत, जी "लेखी आणा" असे म्हणून ऐकून घेण्यात आली नाही.

महोदय,

संदर्भ ३ प्रमाणे हकीकत लेखी आणली आहे. अर्जदारांना लिहिता-वाचता येत नाही. मजकूर त्यांनी सांगितला आणि त्यांच्या भाचीने लिहिला. जिथे अर्जदारांचे किंवा गावकऱ्यांचे शब्द बदलल्यास अर्थ कमी होईल असे वाटले, तिथे ते बोलले तसेच ठेवले आहेत. मोजमापे दोनदा घेतली आहेत. दोन वेळा वेगवेगळी आली तिथे दोन्ही आकडे दिले आहेत.

१. नोटिशीतील मजकूर पुढीलप्रमाणे आहे : "ज्या घराच्या दर्शनी दारावर ही नोटीस डकवली आहे ते घर पूररेषेखाली असल्याचे पडताळणीत आढळले आहे. सबब सदर घर ७ जूनपूर्वी रिकामे करून राहणाराने पूररेषेबाहेर जावे. मूळ गावठाणात एकही पूरखूण आढळून आली नाही, सबब तेथे राहण्यास हरकत नाही." अशाच नोटिसा एकूण तेवीस घरांच्या दारांवर लावल्या आहेत. हा मजकूर साहेबांनी ध्यानात ठेवावा, कारण अर्जाच्या शेवटी त्याची पुन्हा गरज पडणार आहे.

२. मूळ गावठाण सूर नदीच्या काठी आहे. वैनगंगा फुगली की सूरचे पाणी पुढे जात नाही, मागे येते. दि. २० ऑगस्ट १९८१ रोजी सकाळी ते असेच मागे आले आणि दोन दिवस गावात राहिले. तेवीस घरांत पाणी शिरले. त्यांपैकी एकोणीस घरे विणकरांची होती. आमच्याकडे माग जमिनीत खड्डा करून बसवतात. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायाने पावड्या दाबतो. त्यामुळे घरातील सगळ्यात खोल जागा ही विणकराची बसायची जागा असते, आणि पाणी प्रथम तिथेच जाते.

पाणी दोन दिवस राहिले, परंतु नुकसान चौदा महिने राहिले. ते असे : खड्ड्यातील गाळ काढला तरी खालून झिरपत राहते. अर्जदारांच्या खड्ड्यात दिवाळीनंतरही ओंजळभर पाणी रोज सकाळी जमत होते, आणि ओल्या खड्ड्यावर ताणलेले सूत बुरसते. दुसरे असे की धानाचे रोवणे आटोपले की बायांच्या हाती मजुरी येते आणि आंधळगावच्या बाजारात पाटले विकली जातात. त्या वर्षी रोवलेले धान वाळूखाली गेले. दुबार रोवायला पऱ्हे (रोपे) उरले नव्हते. मजुरी नाही म्हणून पाटल्याला गिऱ्हाईक नाही. म्हणजे आसपासच्या गावांत ज्या विणकराच्या घराला पाण्याचा थेंब लागला नाही त्याचाही माग थांबला. पंचनाम्यात मात्र "घरात पाणी शिरले काय? होय / नाही" एवढाच रकाना होता. ज्यांचे उत्तर "नाही" त्यांचे नुकसान कोठेच लिहिले गेले नाही. पुढील पंचनाम्यासाठी ही सूचना समजावी.

३. त्या सकाळी अर्जदार आणि त्यांचे यजमान कै. नंदलाल धकाते हे सरपंच पुंडलिकराव पाटील यांच्या उंच ओट्यावर पोचले होते. मागावर तीन लुगड्यांचा ताणा (उभे सूत) होता. तो सोडवून आणतो म्हणून नंदलाल माघारी गेले. जाताना म्हणाले, "दोन मिंटात येतो, तू हालू नोको." अर्जदार हलल्या नाहीत. नंदलाल सहाव्या दिवशी तीन कोस खाली सापडले. ताण्याचा काही भाग त्यांच्या हातात होता.

उंबऱ्यावर पाणी चार फूट तीन इंच होते. मागाचा खड्डा अडीच फूट खोल होता. नंदलाल यांची उंची पाच फूट चार इंच होती. ही बेरीज अर्जलेखिकेने केली आहे.

पंचनाम्याच्या त्याच रकान्यात अर्जदारांच्या नावापुढे "होय" असे लिहिले आहे.

४. दि. २ सप्टेंबर १९८१ रोजी पथक गावात आले व पाणी कोठवर चढले होते त्याच्या तांबड्या खुणा त्यांनी केल्या. खुणा खरे तर भिंतीवर करायच्या होत्या. परंतु भिंती मातीच्या, काही बसलेल्या, उरलेल्या ओल्या, आणि ओल्या मातीवर तेलाचा रंग धरेना. सगळ्या गावात कोरडी आणि उभी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे सागवानाची दारे. म्हणून खुणा दारांवर केल्या. अर्जदारांच्या दारावर आडवी तांबडी रेघ, बाण आणि "पू. पा. २०/८/८१ क्र. ७" अशी अक्षरे आहेत.

त्याच वेळी लेखी ताकीद दिली की सदर खूण कोणीही पुसू नये, झाकू नये, खरवडू नये, आणि ज्याच्या घरी ती आहे त्याने ती जतन करावी. कोतवाल सुखराम यांनी दवंडी दिली. सूरघाट्याच्या लोकांनी सरकारचा कोणताही हुकूम इतक्या मनापासून पाळल्याचे जुन्या माणसांना आठवत नाही. दिवाळीला घरे छुईने (पांढऱ्या मातीने) सारवून दारांना तेल देतात तेव्हा बाया रेघेच्या वर आणि खाली बोटभर जागा सोडत. तेवीस घरांपैकीच गोपीचंद यांच्या मुलीच्या लग्नात तोरण रेघेवर येत होते, तर ते काढून उंच बांधले. नवऱ्याकडच्या एका म्हातारीने रेघ तांबडी पाहून तिला हळदकुंकू वाहिले, ते मात्र कोणी थांबवू शकले नाही.

५. सन १९८२ मध्ये शासनाने नदीपासून वर, मुरमाड बरडावर, या तेवीस कुटुंबांना जागा दिल्या. ही गोष्ट दुसऱ्या कार्यालयाच्या फायलीत आहे, ती आपल्या फायलीत नसावी असे वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या भागात घर हलवायचे म्हणजे आधी दार हलवतात. जुन्या घराची चौकट उंबऱ्यासकट काढायची, नव्या जागी नेऊन उभी करायची, तिला हळद लावायची आणि मग तिच्या दोन्ही बाजूंनी भिंत चढवायची. भिंतीची माती जागोजाग मिळते, सागवान मिळत नाही, हे व्यवहाराचे कारण झाले. दुसरे कारण अर्जदारांनी सांगितले : "चौकट गेली का घर गेलं समजा. मागं रायते ते मातीचा ढीग." अर्जदारांचे दार त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः घडवलेले आहे आणि त्याच दारातून त्या माप ओलांडून आत आल्या.

तर सन १९८२ च्या उन्हाळ्यात तेवीस चौकटी आणि त्यांतील दारे बरडावर गेली. दारांसोबत खुणा गेल्या. सरपंच पुंडलिकराव यांनी "मौजा सूरघाटा" ही पाटीसुद्धा उपटून वर नेली, कारण गाव जिथे तिथे पाटी असावी असे त्यांना वाटले. खूण हलते आहे असे त्या वेळी कोणाच्याच मनात आले नाही. सगळे खूण सांभाळत होते. चौकट वाहताना रंगाला दोरी घासू नये म्हणून अर्जदारांनी रेघेवर स्वतःचे जुने लुगडे गुंडाळले होते.

६. एप्रिल १९८४ मध्ये पडताळणीसाठी पथक आले. साहेब नवे होते. गावाची पाटी दिसली तिथे त्यांनी गाडी थांबवली. पातळी घ्यायची दुर्बीण लावली. तेवीस खुणा जशाच्या तशा मिळाल्याबद्दल त्यांनी गावाचे कौतुक केले व अन्य गावांत लोक खुणा पुसून टाकतात असे सांगितले. अर्जदारांनी त्यांना चहा दिला. त्यानंतर साहेब खाली जुन्या गावठाणात गेले. तिथे मातीचे ढीग, विहीर आणि चिंच एवढेच आहे. दार नाही म्हणून खूण नाही. खूण नाही म्हणून पूर नाही, असे पथकाने नोंदवले.

यावरून पथकाने असा निष्कर्ष काढला की १९८१ चा पूर बरडावरील घरांत चार-चार फूट चढला होता आणि नदीकाठच्या गावठाणाला तो लागलाच नाही.

७. या निष्कर्षाबाबत अर्जदारांच्या वतीने खालील बाबी नजरेस आणून दिल्या जात आहेत.

पहिली. बरडावरील घरांच्या भिंती सन १९८२ मध्ये बांधल्या आहेत. १९८१ चे पाणी त्यांवर चढणे कठीण आहे. हे आपल्या पथकातील सहायकांना सांगितले असता त्यांनी "भिंती आमच्या कक्षेत येत नाहीत, आम्ही फक्त खुणा पाहतो" असे उत्तर दिले.

दुसरी. साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो. आपल्याच तक्त्याप्रमाणे मात्र अर्जदारांच्या दारावरील पाणी समोरच्या गोपीचंद यांच्या दारावरील पाण्यापेक्षा दोन फूट सात इंच उंच होते. बरडावर दोन्ही उंबरे एका पातळीत होते आणि मधली गल्ली बारा फूट रुंद आहे. म्हणजे गल्लीच्या मध्यात कोठेतरी पाण्याला पायरी असली पाहिजे. गोपीचंद यांचे म्हणणे असे : "शेवंताबाईच्या घरचं पानी पयल्यापासूनच वरचढ." खरे कारण असे की खाली असताना गोपीचंद यांचे घर चढावर होते आणि त्यांच्याकडे पाणी कमी चढले होते. तेवीस दारांच्या खुणांत जास्तीत जास्त फरक सहा फूट दोन इंच येतो. पथकाने यातून मार्ग काढला तो असा की सर्वांत उंच खूण हीच पूररेषा धरली.

तिसरी. आपल्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत कॅम्प कार्यालयाच्या पायरीची उंची आहे आणि शेवटच्या ओळीत पूररेषेची. वजाबाकी केली असता दि. २० ऑगस्ट १९८१ रोजी आपले कार्यालय अकरा फूट पाण्याखाली असायला हवे. आपले कार्यालय तेव्हाही त्याच इमारतीत होते. त्या कार्यालयातून त्याच तारखेस सरपंचांना गेलेले पत्र सोबत जोडले आहे. त्यातील शाई पसरलेली नाही. पत्राचा मजकूर "आपल्या गावी पूर आला असल्यास उलट टपाली कळवावे" असा आहे.

चौथी. जुन्या गावठाणात अर्जदारांच्या उंबऱ्याखालचे दोन दगड अजून जागेवर आहेत. त्या दगडांपासून बरडावरील उंबऱ्यापर्यंतची उंची चाळीस फूट पारदर्शक नळीत पाणी भरून, एका टोकाचे पाणी दुसऱ्या टोकाशी जुळवत, अठ्ठावन्न टप्प्यांत मोजली. पहिल्या वेळी एकतीस फूट चार इंच आणि दुसऱ्या वेळी एकतीस फूट अडीच इंच आली. दीड इंचाची चूक मान्य आहे. एकतीस फुटांची चूक मान्य करता येत नाही. मोजणी चालू असताना गावातील काहींनी "पोरगी नळीनं नदी मोजून रायली" असे उद्गार काढले, परंतु नळीचे दुसरे टोक त्यांनीच धरले.

८. दि. १५ मे रोजी अर्जदार कॅम्पवर आल्या असता, वर सांगितल्याप्रमाणे लेखी आणण्यास सांगून आणखी एक गोष्ट समजावण्यात आली. खुणा हलवल्या आहेत असे गावाने लिहून दिले तर सरकारी खुणेशी छेडछाड केल्याबद्दल तेवीस घरांवर कारवाई होईल. हलवलेल्या नाहीत असे असेल तर नोटीस बरोबर आहे.

त्यावर दि. १७ मे रोजी सरपंचांच्या छपरीत सभा झाली. सरपंच पुंडलिकराव म्हणाले, "कबूल कराल तं गुन्हा, नाई कराल तं नदी. आता बोला." गोपीचंद म्हणाले, "मंग अर्धे कबूल करू, अर्धे नदीत जाऊ. सरकारचंही मन रायते." सरपंच म्हणाले की दोन-चार वर्षे खाली राहून पाहू, दर साली काही पूर येत नाही.

तेव्हा अर्जदार उठून उभ्या राहिल्या. त्या सभेत सहसा बोलत नाहीत. त्यांचे शब्द असे : "पाटील, तुमी जा खाली. तुमचा ओटा उंच हाये. मी नाई जात. एक माणूस मले 'हालू नोको' म्हनून गेला, त्याचं म्या आइकलं. आता सरकार म्हनते 'हाल'. कोनाचं आइकू?"

सुखराम कोतवाल म्हणाले, "पन बाई, खून हालवली हे कबूल कोन करन?"

अर्जदार म्हणाल्या, "मी करतो. लिव म्हना पोरीले. पुसू नोका म्हनलं, आमी पुसली नाई. झाकू नोका म्हनलं, झाकली नाई. खरवडू नोका म्हनलं, नखसुद्धा नाई लावलं. हालवू नोका, असं त्या कागदात लिवलंच नाई. लिवलं असन तं दाखवा."

ताकीद पुन्हा काढून वाचली. त्यात "हलवू नये" असे शब्द नाहीत. ताकीद भिंत मनात धरून लिहिलेली असावी. भिंत कोणी नेत नाही. प्रत सोबत जोडली आहे. तरीही खूण हलली, आणि ती प्रथम अर्जदारांनी हलवली, हे या अर्जाद्वारे अर्जदार कबूल करीत आहेत. अन्य बावीस घरांनी त्यांचे पाहून केले, असे त्या सांगतात. हे खरे नाही. सगळ्यांनी एकाच आठवड्यात केले. परंतु त्यांनी असेच लिहावयास सांगितले आहे.

९. कबुलीबरोबर चूक दुरुस्तही करावी असे अर्जदारांचे मत पडले. खूण हलली असेल तर ती परत जागेवर नेली पाहिजे, आणि खूण ज्यावर आहे ती वस्तू दार आहे.

सबब दि. २७ व २८ मे रोजी बरडावरील तेवीसही चौकटी उंबऱ्यांसकट काढून, खाली जुन्या गावठाणात नेऊन, ज्या त्या घराच्या उंबऱ्याखालील दगडांवर उभ्या केल्या आहेत. भिंती नसल्याने प्रत्येक चौकटीला मागून दोन-दोन बांबूंचे टेकू दिले आहेत. कोणती चौकट कोठली याबाबत वाद झाला नाही. प्रत्येकाला आपले दगड ओळखता आले.

दि. २९ मे रोजी नळी लावून तेवीस खुणांची पातळी तपासली. वर बरडावर ज्या खुणांत सहा फूट दोन इंच फरक होता त्या खाली दीड इंचाच्या आत एका पातळीत आल्या. चढावरच्या गोपीचंद यांच्या दारावर गुडघ्यापाशी, अर्जदारांच्या दारावर छातीपाशी, आणि तरीही सगळ्या मिळून एकच सरळ रेघ. ती दिसण्यासाठी नळीची गरज राहिली नाही. चिंचेखाली उभे राहिले की नुसत्या डोळ्यांनी दिसते. लोक बराच वेळ पाहत उभे होते. अर्जदार म्हणाल्या, "पानी वापस आल्यावानी दिसून रायलं, बाई." त्यानंतर त्या आपल्या दारापाशी गेल्या, दार लोटून पाहिले, ते नीट लागते की नाही ते तपासले आणि उघडेच ठेवून वर आल्या.

१०. सध्या बरडावर तेवीस घरे दारांवाचून आहेत. जिथे दार होते तिथे बांबूची तट्टी किंवा न विकलेले पाटल लावले आहे. अर्जदारांच्या दारी हिरवे पाटल असून त्याला तांबडा काठ आहे, परंतु तो काठ म्हणजे खूण नव्हे, हे पडताळणीच्या सोयीसाठी आधीच नमूद करीत आहोत.

११. आता नोटिशीच्या पालनाबाबत. परिच्छेद १ मधील मजकूर पुन्हा पाहावा. "ज्या घराच्या दर्शनी दारावर ही नोटीस डकवली आहे ते घर रिकामे करावे." नोटीस दारावर डकवलेली होती. ती फाडू नये असे तिच्या तळाशी छापले आहे, म्हणून फाडली नाही. दार खाली नेताना ती दारावरच होती व आजही आहे. दार जुन्या गावठाणात घर क्र. ७ च्या जागी उभे आहे. ते घर पूररेषेखाली आहे, हे नोटिशीत म्हटले आहे आणि आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. ते घर रिकामे आहे. राहणारीने पूररेषेबाहेर जावे असे म्हटले आहे. अर्जदार सध्या जेथे राहतात तेथील उंबरा पूररेषेपासून सत्तावीस फूट एक इंच वर होता. उंबरा आता खाली आहे, पण जमीन तीच आहे.

सबब सदर नोटिशीचे अक्षरशः पालन दि. २८ मे रोजी, मुदतीच्या दहा दिवस आधी, झाले आहे. तशी नोंद घेण्यात यावी.

१२. तरी अर्जदारांची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) पथकाने ७ जूनपूर्वी एकदा सूरघाट्यास येऊन खाली उभ्या असलेल्या खुणांची पातळी घ्यावी. गाडी पाटीपाशी न थांबवता नदीपर्यंत आणावी. तेथवर बैलगाडीची वाट आहे. पातळी घेतल्यावर बरडावरील वस्ती पूरमुक्त व जुने गावठाण पूरग्रस्त असल्याचा दाखला द्यावा.

(आ) तीच पातळी जुन्या गावठाणात दगडावर कोरून घ्यावी. पुढे पूर येईल तेव्हा पाणी कोठवर आले हे कळण्यासाठी जागची न हलणारी खूण हवी, हे आम्हांस आता समजले आहे. दगड मुद्दाम ओबडधोबड निवडावा. सपाट, चांगला दगड ठेवल्यास तो कोणीतरी पाटा-वरवंट्यासाठी उचलून नेईल.

(इ) त्या दगडाच्या खाली, नदीच्या बाजूला, इशाऱ्याची आणखी एक खूण करावी. १९८१ साली अर्जदारांच्या उंबऱ्याला पाणी लागल्यापासून गोपीचंद यांच्या उंबऱ्याला लागेपर्यंत तीन तास गेले होते. वेळ सुखराम कोतवाल यांच्या घड्याळाप्रमाणे आहे. ते दहा मिनिटे मागे होते, परंतु दोन्ही वेळी तितकेच मागे होते. तीन तासांत एक गाव रिकामे होते, आणि ज्याला ताणा सोडवायचा आहे त्याचा ताणाही सुटतो. इशाऱ्याच्या खुणेला पाणी लागताच डफडे वाजवण्याची जबाबदारी सुखराम यांनी पत्करली आहे. शेती व विहीर खालीच असल्याने माणसे दिवसा तिथे असणारच.

(ई) पंचनाम्याच्या रकान्यात "होय / नाही" यांच्या शेजारी थोडी कोरी जागा ठेवावी.

(उ) दगडावर खूण कोरली गेली की अर्जदारांच्या दारावरची खूण जतन करण्याच्या बंधनातून त्यांना मुक्त करावे आणि दार वर नेण्याची लेखी परवानगी द्यावी. तोंडी परवानगी चालणार नाही. ही विनंती लवकर मान्य होणे जरूर आहे, कारण बरडावर वारा पश्चिमेकडून येतो, घराचे तोंड पश्चिमेला आहे आणि माग दारासमोरच आहे. पहिल्या तिरप्या सरीत खड्ड्यात पाणी जाईल. पूररेषेच्या सत्तावीस फूट वर राहून खड्ड्यात पाणी भरले तर ते कोणत्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न पथकासही अडचणीचा होईल.

(ऊ) खूण हलवल्याबद्दल कारवाई करायचीच झाल्यास ती एकट्या अर्जदारांवर करावी. त्यासाठी समन्स पाठवावयाचे असल्यास ते दारावर डकवू नये. हातात द्यावे.

१३. परवानगी मिळाल्यावर रेघ पुसणार काय, असे अर्जदारांना विचारले. त्या म्हणाल्या, "राहू दे. पन मंग ते सरकारची नाई, मायी."

येणेप्रमाणे अर्ज आहे. साहेब येतील तेव्हा चहा होईल.

सूरघाटा (वरची वस्ती), दि. ३१ मे १९८४.

आपल्या गाडीची वाट पाहणारी, नम्र,
शेवंताबाई नंदलाल धकाते
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहिणार : कौशल्या टेकचंद हेडाऊ, बी. एस्सी.

वरील मजकूर अर्जदारांस वाचून दाखवला. परिच्छेद ३ मधील उंची व खोली यांची ओळ तेवढी वाचली नाही. बाकी सर्व बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले. साहेबांनी अर्जदारांसमोर अर्ज वाचल्यास तीच ओळ वगळावी, ही विनंती अर्जलेखिकेची आहे.

सोबत :
१) ताकीद दि. २/९/८१ ची प्रत. "हलवू" हा शब्द शोधण्यासाठी.
२) आपल्या कार्यालयाचे दि. २०/८/८१ चे पत्र, मूळ. कोरडे. पाहून परत मिळावे.
३) तेवीस खुणांच्या पातळ्यांचा तक्ता, बरडावरील व खालील, शेजारी शेजारी.
४) पातळीची नळी जोडलेली नाही. ती मोजणीच्या दिवशी जागेवर मिळेल, आणि दुसरे टोक धरायला माणसे आहेत.
५) नोटीस दि. १२/५/८४ जोडता आली नाही. ती दारावर आहे.